नगरव्यापी शीतजल जाळे आणि भागीदारीचा प्रश्न : हैदराबादच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

शंभर वर्षांपूर्वी हैदराबादच्या बहुतेक वाड्यांत, देवड्यांत आणि मोहल्ल्यांत स्वतःची विहीर किंवा बावडी असे. ज्याचे पाणी त्याने काढावे, ज्याची विहीर आटली त्याने शेजाऱ्याकडे जावे, असा व्यवहार होता. १९०८ साली मूसी नदीला आलेल्या महापुरानंतर हे चित्र बदलू लागले. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. पूर आवरण्यासाठी बांधलेल्या या तलावांतून शहराला नळाचे पाणीही मिळू लागले. घरोघरीच्या विहिरींची जागा सामाईक नळाने घेतली. हा बदल केवळ अभियंत्यांनी घडविला नाही. कोणाच्या रस्त्याखालून नळ न्यायचा, खर्च कोणी उचलायचा, पट्टी किती घ्यायची आणि देखभाल कोणाकडे ठेवायची, या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागली.

आज हेच प्रश्न थंडाव्याच्या बाबतीत उभे आहेत. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर स्वतंत्र वातानुकूलन यंत्र लावणे म्हणजे एका अर्थाने घरोघरी विहीर खोदणेच होय. त्याऐवजी एका केंद्रात पाणी थंड करून ते नळाने अनेक इमारतींना पुरविता येते. जगातील अनेक शहरांत ही पद्धत रूढ आहे, भारतात तिला सुरुवात झाली आहे आणि हैदराबादसाठी तिचा करारही झाला होता. ही पद्धत कशी चालते, तिच्यासाठी भागीदारी का लागते आणि बरकतपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीला तिच्यातून काय मिळू शकते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना आणि कार्यपद्धती

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे केंद्र. तेथे मोठे चिलर बसविलेले असतात आणि ते पाणी साधारण ५ ते ७ अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात. दुसरा भाग जमिनीखालील नळांचा. हे नळ उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेले असतात आणि जोडीने टाकले जातात : एकातून थंड पाणी जाते, दुसऱ्यातून तेच पाणी १२ ते १४ अंशांचे होऊन परत येते. तिसरा भाग प्रत्येक इमारतीच्या तळघरात किंवा आवारात असतो. तेथील हीट एक्सचेंजरमध्ये जाळ्यातील पाणी आणि इमारतीतील पाणी एकमेकांत न मिसळता उष्णतेची देवघेव करतात. किती उष्णता वाहून नेली हे मीटरवर मोजले जाते आणि त्यानुसार बिल येते.

थंडाव्याचे माप 'टन' या शब्दाने सांगतात. बाजारात 'दीड टनाचा एसी' म्हणतात तेव्हा त्या यंत्राचे वजन अभिप्रेत नसते. सुमारे ९०७ किलो, म्हणजे अमेरिकी हिशेबाने एक टन, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी क्षमता म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत ती सुमारे ३.५ किलोवॅट होते. यंत्रे येण्यापूर्वी बर्फ विकला जाई आणि त्याच काळातले हे माप आजही चालू आहे. पाणी जाताना व येताना तापमानात ८ अंशांचा फरक असेल, तर एक टन थंडावा पोहोचविण्यासाठी मिनिटाला सुमारे ६.३ लिटर पाणी फिरवावे लागते. पाचशे टनांच्या इमारतीला मिनिटाला तीन हजार लिटरांहून अधिक पाणी लागेल. म्हणूनच हे नळ जाड असतात, रस्ते खोल खणावे लागतात आणि सर्वांत मोठा खर्च नळांवरच होतो.

असे असूनही बचत होते, ती कशी? एक कल्पित उदाहरण घेऊ. एका भागात एक कार्यालय आहे, त्याला दुपारी ५०० टन लागतात. जवळच्या शादीखान्याला रात्री आठ वाजता ४०० टन लागतात. वसतिगृहाला मध्यरात्री ३०० टन लागतात. प्रत्येकाने आपली यंत्रे लावली तर एकूण १२०० टनांची यंत्रसामग्री विकत घ्यावी लागेल. पण दुपारी तीन वाजता कार्यालयाचे ५००, शादीखान्याचे १०० आणि वसतिगृहाचे ५० मिळून मागणी ६५० टनच असते. रात्री आठ वाजता अनुक्रमे १००, ४०० आणि २०० मिळून ती ७०० टन होते. म्हणजे राखीव यंत्रासह ८०० टनांच्या केंद्रात तिघांचे काम भागते. शिवाय भिंतीवरच्या यंत्रापेक्षा मोठा चिलर टनामागे बरीच कमी वीज खातो. रात्री मागणी उतरल्यावर पाणी थंड करून टाकीत साठविता येते आणि दुपारी, विजेची ओढ सर्वाधिक असते तेव्हा, वापरता येते. इमारतींचे वेळापत्रक जितके भिन्न, तितका फायदा अधिक.

युरोपात अशा जाळ्यातून थंडाव्यापेक्षा ऊब अधिक दिली जाते. दक्षिण भारतात घर तापविण्याची गरज जवळजवळ नाही. तरी रुग्णालये, हॉटेले, धुलाईगृहे आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांना गरम पाणी लागते. पाणी थंड करताना काढलेली उष्णता हवेत सोडून देण्याऐवजी तिने हे पाणी तापविता येते. औषध कंपन्यांच्या हैदराबादला हा भाग दुर्लक्षून चालणार नाही.

पूर्वपीठिका

पाणी नळाने आणून वास्तू थंड ठेवण्याची कल्पना दख्खनला परकी नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेतील (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की हा तिचा ठळक नमुना आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून आणले गेले. त्या पाण्यावर पिठाची चक्की फिरे आणि ते मोठ्या हौदात साठे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहते आणि यात्रेकरूंना तेथे विसावा मिळे. एकाच पाण्याने दळण, साठवण आणि थंडावा ही तीन कामे केली आणि त्यांचा लाभ येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना मिळाला.

आधुनिक अर्थाने अशा जाळ्याची सुरुवात १८७७ मध्ये अमेरिकेतील लॉकपोर्ट येथे झाली. बर्डसिल हॉली यांनी एका बॉयलरची वाफ नळांतून अनेक घरांना पुरविली. १८८२ पासून न्यूयॉर्कमध्ये वाफेचे जाळे सुरू झाले. पॅरिसमध्ये १९९१ पासून थंड पाण्याचे जाळे वाढत गेले आणि त्यासाठी सेन नदीच्या पाण्याचाही उपयोग करण्यात आला. टोरोंटोत २००४ पासून ऑन्टॅरिओ सरोवराच्या खोल भागातील थंड पाण्याचा उपयोग केला जातो.

भागीदारीच्या दृष्टीने इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी भूगर्भातील गरम पाण्यासाठी विहीर खणली गेली, पण तिचा साठा अपेक्षेपेक्षा लहान असल्याने सरकारने तो प्रकल्प सोडून दिला. नगरपरिषदेने १९८६ मध्ये युटिलिकॉम या कंपनीशी सहकार्याचा करार केला. भांडवल व तांत्रिक जोखीम कंपनीने घेतली, तर परिषदेने आपल्या इमारती ग्राहक म्हणून दिल्या. आरंभ नगरपरिषदेच्या स्वतःच्या सिव्हिक सेंटरपासून झाला. पुढे रुग्णालय, हॉटेले आणि व्यापारी संकुल जोडले गेले आणि उबेबरोबर थंड पाणीही पुरविले जाऊ लागले. परिषदेने पैशापेक्षा मोलाची गोष्ट दिली होती : दीर्घकाळ टिकणाऱ्या मागणीची खात्री.

डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७९ मध्ये, तेथे उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. कोणत्या भागात जाळे येईल याचे नियोजन नगरपालिकांकडे सोपविण्यात आले. तेथील अनेक जाळी ग्राहकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची आहेत आणि नफ्याशिवाय खर्चाइतकाच दर आकारण्याचे तत्त्व पाळले जाते.

भारतातील प्रयत्न

भारतात नगरस्तरावर शीतजलाचे पहिले जाळे गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत २०१५ मध्ये सुरू झाले. पहिल्या टप्प्याची क्षमता १०,००० टनांची होती. तेथे पाणी, वीज आणि शीतजलाचे नळ एकाच भुयारातून नेले आहेत. त्यामुळे दुरुस्तीसाठी रस्ता पुन्हा पुन्हा खणावा लागत नाही. मात्र हे शहर मोकळ्या जमिनीवर नव्याने उभारलेले आहे. इमारतीच्या आधी भुयार बांधण्याची मोकळीक जुन्या शहराला मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१४ मध्ये शहरांतील सामाईक ऊर्जाजाळ्यांचा उपक्रम सुरू केला. त्यात भारतातील राजकोट, ठाणे, पुणे, भोपाळ आणि कोइंबतूर या शहरांचा अभ्यास झाला. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शीतकरण कृती आराखडा जाहीर केला. २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची मागणी सुमारे आठपट होईल, असा त्याचा अंदाज आहे आणि शीतकरणाच्या विजेत २५ ते ४० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे.

याच काळात आंध्र प्रदेशची नियोजित राजधानी अमरावती येथील अनुभव सावध करणारा ठरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तबरीद या अबुधाबीच्या कंपनीला तेथील शासकीय संकुलासाठी २०,००० टनांची व्यवस्था उभारून तीस वर्षे चालविण्याची सवलत मिळाली. उच्च न्यायालय आणि सचिवालय हे तिचे ग्राहक असणार होते. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि राजधानीचेच काम थांबले. इमारत नाही तर ग्राहक नाही आणि ग्राहक नाही तर नळ टाकण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाल्यावर राजधानीच्या कामाला नव्याने गती मिळाली, पण मधली पाच वर्षे परत आली नाहीत.

हैदराबादचा करार

'तबरीद' हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ थंड करणे असा आहे. उर्दूतील 'बुरूदत' आणि युनानी वैद्यकातील 'मुबर्रिद', म्हणजे शरीराला थंडावा देणारे औषध, हे शब्द त्याच धातूपासून आलेले आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने मे २०२३ मध्ये तेलंगणा सरकारशी सामंजस्य करार केला. हैदराबाद फार्मा सिटी आणि सायबराबादसारख्या व्यापारी भागांत मिळून १,२५,००० टनांपर्यंत क्षमता उभारण्याचा विचार त्यात होता. अपेक्षित गुंतवणूक सुमारे २० कोटी डॉलरची सांगितली गेली. कार्यालये आणि कारखाने एकत्र दाटलेले असल्याने या भागांची निवड तांत्रिकदृष्ट्या योग्यच होती.

सामंजस्य करार म्हणजे हेतूचे निवेदन असते. त्यातून नळ टाकण्याचे बंधन निर्माण होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणातही सत्तांतर झाले आणि फार्मा सिटीसाठी ठरविलेल्या परिसरात 'फ्युचर सिटी'ची योजना पुढे आली. ज्या क्षेत्रासाठी मागणीचा हिशेब मांडला होता त्याचेच स्वरूप पालटले. अमरावती आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी तंत्रज्ञान अपुरे नव्हते. करारामागील शहर डळमळीत होते.

हैदराबादच्या मेट्रोनेही भागीदारीचा एक धडा दिला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिली. तोटा साचत गेल्यावर २०२५ मध्ये तिचा पहिला टप्पा राज्य सरकारने ताब्यात घेण्यास तत्त्वतः सहमती झाली. वापर अंदाजापेक्षा कमी झाला तर नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न आरंभीच नीट सोडविला नाही तर तो अखेरीस सार्वजनिक तिजोरीकडे येतो.

भागीदारीची चार अंगे

वरील उदाहरणांवरून भागीदारीत चार पक्ष दिसतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

पहिला पक्ष महानगरपालिका व राज्य सरकार. रस्त्याखालील जागा, परवानग्या आणि स्वतःच्या इमारतींची मागणी त्यांच्या हाती असते. शासकीय रुग्णालय, विद्यापीठ किंवा सचिवालय पंचवीस-तीस वर्षे ग्राहक राहील अशी हमी मिळाली, तरच बँक कर्ज देते.

दुसरा पक्ष कंपनी. ती भांडवल आणते, केंद्र चालवते आणि दोन प्रकारचे शुल्क घेते : राखून ठेवलेल्या क्षमतेचे स्थिर शुल्क आणि प्रत्यक्ष वापराचे शुल्क. ग्राहकाने येथे जागरूक राहिले पाहिजे. स्थिर शुल्क वापर नसतानाही द्यावे लागते. गरजेपेक्षा मोठी क्षमता नोंदविली तर बचत कागदावरच राहते.

तिसरा पक्ष नियामक. एकदा इमारत जाळ्याला जोडली की दुसरा पुरवठादार निवडता येत नाही. विजेला दर ठरविणारा आयोग आहे. शीतजलाच्या बाबतीत मात्र ग्राहकाचे संरक्षण मुख्यतः कराराच्या कलमांवरच अवलंबून राहते. म्हणून दरवाढीचे सूत्र, पुरवठा खंडित झाल्यास भरपाई आणि तक्रारीचे ठिकाण या बाबी आरंभीच लिहून घेतल्या पाहिजेत.

चौथा पक्ष स्वतः वापरणारे लोक. हा पक्ष बहुधा विसरला जातो. वीजवितरण सहकारातून करण्याचा अनुभव या प्रदेशाला आहे. तेलंगणात सिरसिल्ला येथे १९७० पासून सहकारी वीजपुरवठा संस्था आहे. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने श्रीरामपूर परिसरात सुमारे चार दशके वीजवितरण केले, पण थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ मध्ये ते काम तिच्या हातून गेले. सभासदत्वाबरोबर वसुलीची शिस्तही लागते, असे ही दोन उदाहरणे सांगतात.

पाण्याचा हिशेब

या व्यवस्थेची एक बाजू प्रचारात मागे पडते. भिंतीवरचे यंत्र उष्णता थेट हवेत सोडते, त्याला पाणी लागत नाही. मोठ्या केंद्रातील कूलिंग टॉवर मात्र पाण्याची वाफ करून उष्णता घालवितो. एक टन थंडावा तासभर दिला तर साधारण ६ लिटर पाणी वाफ होऊन उडते. क्षार साचू नयेत म्हणून सोडावे लागणारे पाणी वेगळेच. दहा हजार टनांचे केंद्र दहा तास पूर्ण क्षमतेने चालले, तर रोज सहा लाख लिटरांहून अधिक पाणी खर्च होईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात हे पिण्याचे पाणी असता कामा नये. सांडपाणी शुद्ध करून तेच वापरण्याची अट करारात असली पाहिजे. त्या दृष्टीने मलशुद्धीकरण केंद्राजवळची जागा शीतकरण केंद्रालाही सोयीची ठरते.

बरकतपुऱ्यासारख्या वस्तीचे स्थान

काचीगुडा आणि नारायणगुडा यांच्यामधील बरकतपुऱ्यात जुनी घरे, अपार्टमेंट, दवाखाने, शिकवणीवर्ग आणि कार्यालये शेजारी शेजारी आहेत. दीड टनाचे एक यंत्र खोलीतून सुमारे ५ किलोवॅट उष्णता काढते, त्यात स्वतःच्या विजेची भर घालते आणि सुमारे ७ किलोवॅट उष्णता गल्लीत सोडते. दहा यंत्रे चालू असली तर गल्लीत ७० किलोवॅटची भट्टी पेटली असे समजावे. ज्याच्या घरी यंत्र नाही, जो रस्त्यावर हातगाडी लावतो, त्याच्या वाट्याला शेजाऱ्याची ही उष्णता येते. सायबराबादच्या काचेच्या इमारतींना नळाने थंडावा मिळाला आणि जुन्या वस्त्या आपल्याच यंत्रांच्या धगीत राहिल्या, तर भागीदारीचा अर्थ अपुरा राहील.

तथापि गल्लोगल्ली शीतजलाचे नळ टाकणे आज व्यवहार्य नाही. घरांची मागणी विखुरलेली असते, ती मुख्यतः रात्रीची असते आणि अरुंद रस्त्याखाली जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल यांची आधीच दाटी आहे. अशा वस्तीत लहान आरंभ शक्य आहे. एखादे रुग्णालय, शेजारचे महाविद्यालय आणि एखादे कार्यालय यांनी मिळून एक केंद्र चालवावे. त्यांच्या वेळा भिन्न असल्याने वर सांगितलेला फायदा त्यांना मिळतो.

उरलेल्या घरांसाठी मागणीच कमी करणे हा स्वस्त मार्ग आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणाने शीतछत धोरण जाहीर केले. छतावर सूर्यप्रकाश परावर्तित करणारा पांढरा लेप किंवा फरशी लावण्यावर त्याचा भर आहे. इमारतीतील यंत्रणेतही सुधारणा करता येते. पोचारम येथील इन्फोसिसच्या आवारात एका इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या पद्धतीने आणि अर्धा भाग छतातील नळांतून थंड पाणी फिरवून गार ठेवला गेला. दुसऱ्या भागाला वीज कमी लागली. आधी छत, सावली आणि वायुवीजन, मग सामाईक यंत्र आणि शेवटी नळ, हा क्रम जुन्या वस्तीला अधिक साजेसा आहे.

महाविद्यालयांचे कार्य

सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांना या विषयात तीन कामे करता येतील. पहिले काम मोजणीचे. महाविद्यालयाच्या इमारतीत कोणत्या तासाला किती यंत्रे चालतात आणि किती युनिट वीज जाते, याची वर्षभराची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. शेजारच्या संस्थांनी अशीच नोंद केली तर सामाईक केंद्राचा पहिला आधारभूत आकडा हाती येतो. गणित, भूगोल आणि वाणिज्य या तिन्ही विषयांसाठी तो उत्तम प्रकल्प ठरेल.

दुसरे काम कौशल्याचे. आज फ्रिज-एसी दुरुस्तीचे शिक्षण घेतलेला तरुण एकेक यंत्र हाताळतो. जाळ्याला चिलर चालविणारा, पंप सांभाळणारा, नळांचे वेल्डिंग व आवरण करणारा, पाण्याची रासायनिक तपासणी करणारा आणि मीटर वाचणारा कामगार लागतो. चालू अभ्यासक्रमाला हे घटक जोडता येतील.

तिसरे काम भाषेचे. असे करार इंग्रजीत लिहिले जातात आणि ज्यांना तीस वर्षे शुल्क भरायचे आहे त्यांना ते वाचता येत नाहीत. स्थिर शुल्क, नोंदविलेली क्षमता, भरपाई या संज्ञा तेलुगू, उर्दू आणि मराठीत सुबोधपणे मांडणे हे भाषाशिक्षकांचेच काम आहे.

समारोप

नगरव्यापी शीतजल जाळे ही सिद्ध झालेली व्यवस्था आहे. तिचे यश चिलरच्या कार्यक्षमतेइतकेच कराराच्या स्थैर्यावर अवलंबून असते, हे साउदॅम्प्टन, अमरावती आणि हैदराबाद यांच्या तुलनेतून दिसून येते. सरकारने आपली मागणी सत्ताबदलानंतरही टिकेल अशी बांधून द्यावी, कंपनीने दराचे सूत्र उघड ठेवावे, पाणी शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून घ्यावे आणि वापरणाऱ्यांना निर्णयात स्थान असावे, या चार अटी पाळल्या तर ही भागीदारी सर्वांच्या हिताची ठरेल. पुढील करार होण्यापूर्वी शहरातील संस्थांनी आपल्या गरजेचा हिशेब मांडून ठेवला, तर वाटाघाटीच्या वेळी त्यांना कंपनीच्याच आकड्यांवर विसंबून राहावे लागणार नाही.